अंडर-१७ विश्वचषकाचा हिशेब: गटतक्ता, तिसऱ्या क्रमांकाची यादी आणि शेवटच्या दिवसाचं जर-तर

मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात साखळी फेरीच्या शेवटच्या दिवशी निम्मा खेळ तक्त्यात चाललेला असतो. टीव्हीवरचा तक्ता कोण कितव्या जागेवर आहे एवढंच सांगतो. कोणाला अजून किती गोल लागतील, दुसऱ्या मैदानावर काय घडलं तर चित्र पालटेल, तिसऱ्या क्रमांकावरचा संघ घरी जाईल की पुढे जाईल, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी वही घेऊन बसावं लागतं. बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचं काही येण्याची गरज नाही, पण क्रम चुकला की सगळं उत्तर चुकतं.

उदाहरणं मुख्यतः २०१७ च्या स्पर्धेतली घेतली आहेत. ६ ते २८ ऑक्टोबर, २४ संघ, ५२ सामने. नवी दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता ही सहा ठिकाणं. स्पर्धा आपल्या देशात झाली हे एक कारण. दुसरं कारण असं, की हिशेब शिकायला त्या स्पर्धेतल्या अ गटाइतका चांगला गट शोधूनही सापडणार नाही.

आधी काय जमवायचं

फुलस्केप वही, पेन्सिल, खोडरबर आणि एक पेन. सामन्याचा निकाल पेनने लिहायचा, कारण तो बदलत नाही. तक्त्यातले आकडे पेन्सिलने, कारण ते प्रत्येक सामन्यानंतर बदलतात. सगळंच पेनने लिहिणाऱ्यांची वही तिसऱ्या दिवशी खाडाखोडीने वाचेनाशी होते.

त्या वर्षीची नियमावली उतरवून घ्या. ती आयोजक संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यातल्या तीनच गोष्टी आपल्याला हव्यात: गुण सारखे झाले तर क्रम कसा लावायचा, तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतून किती आणि कसे निवडायचे, आणि बाद फेरीच्या जोड्यांचं परिशिष्ट. या तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. मागच्या स्पर्धेचे नियम डोक्यात ठेवून बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. त्याचा पुरावा पुढे येतोच.

वेळापत्रक उतरवताना वेळ लगेच भारतीय वेळेत लिहा. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी होते आणि २०२९ पर्यंत ती कतारमध्येच आहे. दोहाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालतं, म्हणजे तिथले साडेतीन म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. मैदानाचं नाव मात्र पेन्सिलनेच. २०१७ मध्ये ब्राझील–इंग्लंड हा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. पावसाने तिथलं मैदान खराब झालं आणि दोन दिवस आधी तो कोलकात्याला हलवावा लागला.

संघयादीचं पान

हे पान ऐच्छिक आहे, पण "हा मुलगा सतराचा वाटत नाही" हा वाद घरोघरी होतो, म्हणून ठेवलेलं बरं. वय सामन्याच्या दिवशी मोजत नाहीत. जन्मवर्षाची सीमा असते. २०१७ ला ती १ जानेवारी २००० होती. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा चालत होता. म्हणजे जानेवारी २००० चा मुलगा ऑक्टोबरात १७ वर्षं ९ महिन्यांचा असूनही पूर्णपणे नियमात बसत होता. २०२५ ला सीमा १ जानेवारी २००८ होती. कागदपत्रांच्या जोडीला २००९ पासून मनगटाचा एमआरआयही काढतात. मनगटाजवळच्या लांब हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. ती हाडाशी पूर्ण जुळून गेलेली दिसली, तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

२०१७ ला प्रत्येक संघात २१ खेळाडू होते. भारताच्या यादीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

गटाचा तक्ता

चार संघांचा गट म्हणजे सहा सामने. एका गटाला एक पूर्ण पान द्या. वरच्या अर्ध्यात सहा सामने, खालच्या अर्ध्यात तक्ता. तक्त्याला सात रकाने पुरतात: सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोल केले, गोल खाल्ले, गुण. गोलफरकाचा (केले वजा खाल्ले) आठवा रकाना शेवटी काढा आणि त्यात अधिक-उणे चिन्ह लिहायला विसरू नका. विजयाला ३, बरोबरीला १.

प्रत्येक निकाल दोन ओळींत जातो, आणि दुसऱ्या ओळीत तो उलटा होतो. घानाने कोलंबियाला १–० हरवलं तर घानाच्या ओळीत केले १, खाल्ले ०. कोलंबियाच्या ओळीत केले ०, खाल्ले १. चूक नेमकी या दुसऱ्या ओळीत होते. म्हणून एक सामना लिहायला घेतला की दोन्ही ओळी पूर्ण करूनच पेन्सिल खाली ठेवा.

स्वयंगोल (खेळाडूकडून चुकून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला गोल) ज्या संघाच्या खात्यात जातो त्याच संघाचा "केले" रकाना वाढतो; कोणाच्या पायाला लागून गेला याच्याशी तक्त्याला देणंघेणं नाही. गोल करणाऱ्यांची वेगळी यादी ठेवत असाल तर स्वयंगोल तिच्यात धरू नका. मग त्या यादीची बेरीज तक्त्यापेक्षा कमी येईल, आणि ती तशीच यायला हवी. २०२२ च्या मुलींच्या अंडर-१७ विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाला १–० हरवलं आणि तो एकमेव गोल स्वयंगोल होता.

आता २०१७ चा अ गट उतरवू. निकाल असे:

कोलंबिया ० – १ घाना
भारत ० – ३ अमेरिका
घाना ० – १ अमेरिका
भारत १ – २ कोलंबिया
घाना ४ – ० भारत
अमेरिका १ – ३ कोलंबिया

तक्ता:

घाना: २ विजय, १ पराभव, केले ५, खाल्ले १, फरक +४, गुण ६
कोलंबिया: २ विजय, १ पराभव, केले ५, खाल्ले ३, फरक +२, गुण ६
अमेरिका: २ विजय, १ पराभव, केले ५, खाल्ले ३, फरक +२, गुण ६
भारत: ३ पराभव, केले १, खाल्ले ९, फरक −८, गुण ०

पुढे जाण्याआधी तीन ताळे करा. दोन मिनिटं लागतात आणि निम्म्या चुका इथेच सापडतात.

एक: चारही संघांच्या "केले" ची बेरीज आणि "खाल्ले" ची बेरीज सारखी आली पाहिजे. इथे ५+५+५+१ = १६ आणि १+३+३+९ = १६. दोन: गोलफरकांची बेरीज शून्य यायला हवी. ४+२+२−८ = ०. तीन: सहा सामने झाल्यावर गटातले एकूण गुण म्हणजे १८ वजा बरोबरीचे सामने, कारण निकाली सामन्यात ३ गुण वाटले जातात आणि बरोबरीत फक्त २. या गटात एकही बरोबरी नव्हती, म्हणून १८. त्याच स्पर्धेच्या फ गटात दोन बरोबऱ्या झाल्या. तिथे इंग्लंड ९, इराक ४, मेक्सिको २, चिली १, एकूण १६.

पहिला ताळा जुळला आणि तिसरा जुळला नाही तर गोल बरोबर आहेत, गुण चुकलेत. पहिलाच जुळला नाही तर एखादा निकाल एकाच ओळीत गेला आहे किंवा दुसऱ्या ओळीत उलटा करायचा राहिला आहे. सहा सामने पुन्हा एकेक करून पाहा. डोळे वरवर फिरवून ती चूक दिसत नाही.

गुण सारखे झाले तर: इथे घाई नको

वरच्या तक्त्यात तीन संघांचे ६ गुण आहेत आणि तिघांनीही ५–५ गोल केले आहेत. २०१७ च्या फिफा नियमांत क्रम असा होता: आधी सगळ्या सामन्यांतला गोलफरक, मग सगळ्या सामन्यांतले केलेले गोल, आणि त्यानंतरही बरोबरी राहिलेल्या संघांच्या आपापसातल्या लढतीतले गुण, गोलफरक, गोल. मग कार्डांचे उणे गुण, आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी.

एकेक पायरी उतरा. गोलफरकाने घाना (+४) वेगळा झाला, पहिला. कोलंबिया आणि अमेरिका +२ वर अडकले. केलेले गोल ५ आणि ५, तिथेही सुटका नाही. आता या दोघांतला सामना पाहायचा: कोलंबिया ३, अमेरिका १. कोलंबिया दुसरा, अमेरिका तिसरा. हा सामना नवी मुंबईत झाला होता, त्याच वेळी दिल्लीत घाना–भारत चालू होता.

आता तोच गट दुसऱ्या नियमाने लावून पाहू. युएफा (युरोपची फुटबॉल संघटना) आणि एएफसी (आशियाची) यांच्या वयोगटाच्या स्पर्धांत गुण सारखे झाले की आधी आपापसातली लढत पाहतात आणि सगळ्या सामन्यांचा गोलफरक नंतर. तीन संघ अडकले असतील तर त्या तिघांचाच एक छोटा तक्ता करायचा आणि चौथ्या संघाविरुद्धचे सामने बाजूला ठेवायचे. भारताचे तिन्ही सामने काढले की उरतं हे:

कोलंबिया: घानाकडून ०–१, अमेरिकेवर ३–१, केले ३, खाल्ले २, +१, गुण ३
घाना: कोलंबियावर १–०, अमेरिकेकडून ०–१, केले १, खाल्ले १, ०, गुण ३
अमेरिका: घानावर १–०, कोलंबियाकडून १–३, केले २, खाल्ले ३, −१, गुण ३

गुण पुन्हा तिघांचे सारखे, पण छोट्या तक्त्याचा गोलफरक वेगळा. या नियमाने कोलंबिया पहिला, घाना दुसरा, अमेरिका तिसरा!

सहा निकाल तेच, एकही गोल बदललेला नाही, तरी गटाचा विजेता बदलला. आणि त्याने पुढचा रस्ताही बदलला असता. प्रत्यक्षात घाना पहिला आल्यामुळे त्याला नायजरशी खेळायला मिळालं आणि तो २–० जिंकला. दुसऱ्या आलेल्या कोलंबियासमोर जर्मनी आला आणि निकाल ०–४ लागला. नियमावलीचं ते एक कलम पहिल्या पानावर लिहायला सांगितलं ते यासाठी.

छोटा तक्ता करताना हमखास होणारी चूक म्हणजे तीन संघ अडकलेले असताना दोघांचाच सामना बघून मोकळं होणं. "कोलंबियाने अमेरिकेला हरवलं, म्हणून कोलंबिया वर" हे वाक्य तिघांच्या गुंत्यात काहीच सिद्ध करत नाही, कारण त्याच न्यायाने घाना कोलंबियाच्या वर आणि अमेरिका घानाच्या वर जाते, आणि आपण गोल गोल फिरत राहतो. तिघांचा तक्ता करा, त्यातून एक संघ सुटला की उरलेल्या दोघांसाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.

कार्डांचा हिशेब क्वचितच लागतो, पण रकाना आखून ठेवा: पिवळं कार्ड उणे १, दोन पिवळ्यांमुळे मिळालेलं लाल उणे ३, थेट लाल उणे ४, पिवळं असताना थेट लाल उणे ५. एका खेळाडूला एका सामन्यात यातलं एकच लागू होतं. पिवळ्याचा १ आणि वर ३ असे दोन्ही धरू नका.

तिसऱ्या क्रमांकाची यादी

२४ संघ असताना सहा गटांतले पहिले दोन म्हणजे १२ संघ पुढे जात, आणि शेवटच्या १६ साठी चार जागा उरत. त्या सहा तिसऱ्या संघांतल्या सर्वोत्तम चौघांना मिळत. २०२५ पासून ४८ संघ आहेत, १२ गट, १०४ सामने. पहिले दोन म्हणजे २४ आणि सर्वोत्तम आठ तिसरे, असे ३२ संघ बाद फेरीत जातात.

या यादीला वेगळं पान द्या. तिच्यात आपापसातली लढत हा निकष नसतो, कारण हे संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. गुण, गोलफरक, केलेले गोल, मग कार्डं, असा सरळ उतार. २०१७ ची यादी:

अमेरिका (अ): गुण ६, फरक +२
होंडुरास (ई): गुण ३, फरक −४
नायजर (ड): गुण ३, फरक −५
मेक्सिको (फ): गुण २, फरक −१
न्यूझीलंड (ब): गुण १, फरक −४, केले ४
गिनी (क): गुण १, फरक −४, केले ४

वरचे चार पुढे गेले. मेक्सिकोकडे बघा: एकही सामना न जिंकता, दोन बरोबऱ्यांवर बाद फेरी. आणि तळाला न्यूझीलंड आणि गिनी गुण, फरक, गोल अशा तिन्ही बाबतीत तंतोतंत सारखे. चौथी जागा त्या दोघांत असती तर कार्डं मोजावी लागली असती. कार्डांचा रकाना आखायला कंटाळू नका.

या यादीमुळे मोठ्या पराभवाचीही किंमत ठरते. ०–२ आणि ०–६ यांत गटापुरता फारसा फरक वाटत नाही, तिसऱ्यांच्या यादीत तो जीवघेणा असतो. उलटही घडतं. २०२५ ला मोरोक्को जपानकडून ०–२ आणि पोर्तुगालकडून ०–६ हरला. दोन सामने, शून्य गुण, फरक −८. शेवटच्या सामन्यात त्यांनी न्यू कॅलेडोनियाला १६–० हरवलं, फरक थेट +८ झाला आणि संघ तिसऱ्या क्रमांकावरून पुढे गेला. मोठ्यांच्या स्पर्धेत असा निकाल लागत नाही. मुलांच्या स्पर्धेत संघांमधली दरी मोठी असते, म्हणून इथे दोन सामन्यांनंतर कोणाचंही नाव खोडू नये असं माझं ठाम मत आहे.

एक अडचण लक्षात ठेवा. गट वेगवेगळ्या दिवशी संपतात. २०१७ ला अ गट १२ ऑक्टोबरला संपला, ई आणि फ गट १४ ला. म्हणजे अ गटातल्या तिसऱ्याला दोन दिवस वाट पाहावी लागते आणि शेवटच्या गटांना आपल्याला नेमकं किती हवंय हे आधीच माहीत असतं. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे "पक्का", "बाद" किंवा "थांबा" असं लिहा, आणि नुसता क्रमांक लिहून समाधान मानू नका.

शेवटच्या दिवसाचं जर-तर पत्रक

सगळ्या वहीत हे पान मोलाचं. सामना सुरू होण्याच्या तासभर आधी करायचं. सामना चालू असताना डोकं चालत नाही.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात. प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे नऊ शक्यता. तीन आडव्या आणि तीन उभ्या चौकटी आखा. आडव्यात आपला सामना, उभ्यात दुसरा. ज्या चौकटीत आपला संघ नक्की बाद किंवा नक्की पुढे, त्या आधीच भरून टाका. उरलेल्या चौकटींतच गोलफरकाचं काम करायचं.

१२ ऑक्टोबर २०१७ ची दुपार घेऊ. दोन-दोन सामन्यांनंतर:

अमेरिका: गुण ६, फरक +४
कोलंबिया: गुण ३, फरक ०, केले २
घाना: गुण ३, फरक ०, केले १
भारत: गुण ०, फरक −४, केले १

भारताचा तो एक गोल म्हणजे ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगने डोक्याने मारलेला, फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिलाच. त्यानंतर मिनिटभरातच कोलंबियाने दुसरा गोल केला. बरोबरी टिकली असती तर पुढचं गणित किती सोपं झालं असतं!

भारत घानाशी हरला किंवा बरोबरीत सुटला तर खेळ खलास: सहा चौकटी लगेच भरल्या. उरल्या विजयाच्या तीन चौकटी.

भारत क्ष गोलांनी जिंकला असं धरा. भारताचा फरक −४+क्ष, घानाचा ०−क्ष. क्ष १ असेल तर भारत −३, घाना −१, घाना वर. क्ष २ असेल तर दोघंही −२, आणि आता केलेले गोल पाहायचे. दोघांची सुरुवात १ गोलावर आहे आणि भारत घानापेक्षा दोन गोल जास्त करतोय, म्हणून भारत वर. निष्कर्ष: दोन गोलांचा विजय म्हणजे घानाच्या पुढे.

दुसऱ्या मैदानाचं काय? कोलंबिया जिंकला किंवा बरोबरीत राहिला तर तो भारताच्या वरच, आणि भारत तिसरा. कोलंबिया हरला तर तीन संघ ३ गुणांवर अडकतात आणि दार आणखी उघडतं. भारत ३–० जिंकला आणि कोलंबिया ०–१ हरला असं धरा: दोघांचा फरक −१, केलेले गोल भारत ४, कोलंबिया २, म्हणजे भारत थेट दुसरा. उलट फक्त एका गोलाने जिंकून भागायचं असेल तर कोलंबियाचा पराभव मोठा हवा. भारत १–० आणि कोलंबिया ०–३ असं झालं असतं तर दोघं −३ वर, दोघांचे गोल २, आणि मग आपापसातल्या लढतीत कोलंबिया वर. एका गोलाने फसगत कशी होते ते इथे दिसतं.

पत्रकाच्या खाली एकच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायचं: "किमान दोन गोलांनी विजय, मग बाकी गटांची वाट." दोन गोलांनी जिंकलेला भारत ३ गुण आणि −२ फरकावर तिसरा राहिला असता, तर होंडुरास (−४) आणि नायजर (−५) यांच्या वर बसला असता. प्रत्यक्षात घानाने ४–० जिंकलं. पण सामन्याआधी आशा होती ती कोरडी नव्हती, आकड्यांत बसणारी होती.

असंच दुसरं उदाहरण चिलीचं. इंग्लंडकडून ०–४, इराककडून ०–३, फरक −७. तरीही शेवटच्या दिवशी मेक्सिकोवर एका गोलाचा विजय मिळाला असता तर ३ गुण, गटात तिसरा क्रमांक आणि मेक्सिकोने घेतलेली ती जागा चिलीची. सामना ०–० सुटला. पत्रक केलेलं असेल तरच असा ०–० सामना शेवटच्या मिनिटापर्यंत श्वास रोखून बघता येतो.

पत्रक करताना दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, गोलफरक दोन्ही बाजूंनी हलतो हे विसरणं: आपण दोन गोलांनी जिंकलो तर समोरच्याशी असलेलं अंतर चारने कमी होतं, दोनने नाही. दुसरं, "केले" ची सुरुवातीची संख्या न पाहणं. फरक सारखा झाल्यावर २–० आणि ३–१ हे एकसारखे विजय नसतात.

बाद फेरीच्या जोड्या

गटविजेत्यांसमोर कोणता तिसरा संघ येईल हे मनाने ठरवू नका. सहा गटांतून चार तिसरे निवडण्याच्या १५ रीती आहेत आणि प्रत्येकीसाठी परिशिष्टात वेगळी ओळ असते. २०१७ ला अ, ड, ई, फ या गटांचे तिसरे आले. त्या ओळीप्रमाणे घानासमोर नायजर, पॅराग्वेसमोर अमेरिका, इराणसमोर मेक्सिको, ब्राझीलसमोर होंडुरास अशा जोड्या लागल्या. यादीत कोण पहिला तिसरा आणि कोण चौथा तिसरा याचा इथे उपयोग नाही. गटाचं अक्षर महत्त्वाचं. साखळीत तिन्ही सामने जिंकलेल्या पॅराग्वेला या ओळीने ६ गुणांची अमेरिका दिली, आणि अमेरिकेने त्यांना ५–० हरवलं. बारा गटांतून आठ निवडायचे म्हटले की रीती ४९५ होतात; तिथे परिशिष्टातून आपली ओळ शोधणं हाच उपाय.

या वयोगटात बाद फेरीत जादा वेळ नसतो. ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर थेट पेनल्टी शूटआउट. लिहायची पद्धत: इंग्लंड ० – ० जपान, आणि पुढे "शूटआउट ५–३". हे पाच आणि तीन कुठल्याही बेरजेत जात नाहीत: गोल करणाऱ्यांच्या यादीत नाहीत, संघाच्या गोलांत नाहीत. २०१७ चा सर्वाधिक गोल करणारा इंग्लंडचा रियान ब्रूस्टर याचे ८ गोल होते, त्यात उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीतल्या दोन हॅट्‌ट्रिक. सामना चालू असताना मिळालेली पेनल्टी मात्र धरायची.

पहिल्यांदाच वही करत असाल तर १६ संघांच्या जुन्या स्पर्धेवर हात बसवा. २०२२ ची मुलींची स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाली. चार गट, प्रत्येकी पहिले दोन पुढे, तिसऱ्यांची यादीच नाही. एका संध्याकाळी पूर्ण होते.

शेवटचा ताळा

अंतिम सामना झाल्यावर सगळ्या पानांवरचे गोल एकत्र करा आणि अधिकृत आकड्याशी ताडून बघा. २०१७ साठी गटांची बेरीज: अ १६, ब २४, क २२, ड १४, ई ३१, फ १८, एकूण १२५. शेवटचे सोळा २६, उपांत्यपूर्व १५, उपांत्य ८, तिसऱ्या क्रमांकाचा सामना २, आणि इंग्लंड–स्पेन अंतिम सामना ५–२ म्हणजे ७. एकूण १८३. तुमच्या वहीत १९१ आले तर इंग्लंड–जपानचं शूटआउट धरलं गेलं आहे. ते पान उघडा आणि ५–३ ला कंस करा. दुसराच काही आकडा आला तर गटांच्या सहा बेरजा आधी जुळवा, मग बाद फेरीकडे वळा.